जेवायला घालून निघून जाणं

गेल्या वर्षी आईच्या केमोसाठी दर एकवीस दिवसांनी आम्हाला नंदुरबारहून सुरतला जावं लागे. जाऊन-येऊन चार दिवस मोडत, कधी पाच. घरात आम्ही दोघंच आणि एक कुत्रा. रजेची, गाडीची, राहण्याची सोय होत होती. कुत्र्याची होत नव्हती.

तो मला गावाबाहेरच्या मिरचीच्या पथारीवर सापडला. हंगामात तिथं लाल मिरची उन्हात पसरलेली असते आणि राखणीला कुत्री बांधतात. हंगाम संपला, मजूर गेले, ताडपत्र्या गेल्या, हा खुंटाला तसाच राहिला. गळ्यातली तार कातडीत रुतली होती आणि जखमेत मिरचीची धूळ होती. मी तार कापली तेव्हा तो ओरडलाही नाही. आईने त्याला भाकरी ताकात कुस्करून घालून जगवलं. आम्हा दोघांशिवाय तो कुणाला जवळ येऊ देत नसे. घरमालकाच्या हाताला तर चावलाच होता. त्यामुळे शेजाऱ्यांवर सोपवून जाण्याचा प्रश्नच नव्हता.

धानोऱ्याच्या रस्त्याला एक काका कुत्री सांभाळायचे. गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी कोंबड्यांच्या जुन्या शेडमध्ये जाळीचे खण पाडले होते. बाजारातले मारवाडी व्यापारी राजस्थानात लग्नाला जाताना आपली केसाळ कुत्री तिथं ठेवत. मी गावठी कुत्रं आणलेलं पाहून काका हसले. "गावठी कुत्रं लई उना? आठे तर शेठ लोकेसना लाडका ऱ्हातस!"

मी त्याला खणात नेलं, ताटलीत भाकरी आणि दूध ठेवलं. त्याने मान खाली घातली तसा मी मागच्या मागे सटकलो.

चार दिवसांनी परत आलो तर ताटली भरलेली होती. काका म्हणाले, "त्यानी काहीच खादं नही. फाटककडेच देखत बठस."

मला वाटलं, पहिलीच वेळ आहे. दुसऱ्या वेळी मी ताटलीत उकडलेली अंडी घातली आणि तसाच निघालो. या वेळी तो पाच दिवस पाण्यावर राहिला. काकांनी जाळीबाहेरूनच त्याच्या बरगड्या बोटाने मोजून दाखवल्या. "परत असं व्हयनं तं मी ठेवाव नही. मन्हा आठे मरी जाई तो."

घरी आणल्यावर गोष्ट आणखी बिघडली. मी ताटली ठेवली की तो मागे सरे, दारात जाऊन बसे आणि माझ्या चपलांकडे बघत राही. आईने घातलं तरच, मी आतल्या खोलीत बसलेलो असताना, थोडंसं खाई. आईच्या हातून तेव्हा ताटली धड उचलली जात नव्हती.

पुढची तारीख जवळ आली तेव्हा आई आमच्या बोलीत म्हणाली, "त्याला उपाशी मारून मला जगायचं नाही. मी येत नाही."

मी समजावलं, रागावलो, रडलोसुद्धा. ती हलली नाही. तारीख गेली. फोनवर दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, "कारण काय लिहू?" मी म्हटलं, ताप आहे. कुत्र्यामुळे असं सांगायची मला लाज वाटली.

त्या रविवारी मी त्याला पुन्हा धानोऱ्याच्या रस्त्याला नेलं. एक रात्र तरी ठेवून बघू, अशी काकांना विनंती केली. ताटली ठेवली, खणाच्या मागून बाहेर आलो आणि मोटरसायकल चालू न करताच ढकलत रस्त्याकडे निघालो. आवाज ऐकून त्याला कळू नये म्हणून.

"ए भाऊ! काबरं चोरना मायक चालना?" मी चोरासारखा का चाललोय, असं काका पाण्याच्या टाकीजवळून विचारत होते.

"त्याला कळलं तर रडेल, काका."

"कोन्ही सांगं तुले?"

कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे मुलाला आश्रमशाळेत असंच सोडतात. डोंगरातल्या गावाहून वडील मला पहिलीला घेऊन आले, ताटावर बसवलं आणि मी वरणात भात कालवत असताना निघून गेले. सगळ्यांचेच वडील तसेच गेले होते. पोर रडत नाही, बापाचा पाय अडत नाही. मी काकांना हे सांगितलं. हेही सांगितलं की त्या शाळेमुळेच मी घरातला पहिला पदवीधर झालो, आणि त्यासाठी वडिलांचा ऋणी आहे.

काका म्हणाले, "ते बराबर शे. पन मंग दुसरा दिन तू खादं का?"

मी गाडी स्टँडवर लावली. दोन दिवस मी काहीही खाल्लं नव्हतं. स्वयंपाकीण मावशींनी भरवायचा प्रयत्न केला तर ताट ढकललं होतं. वडील वारले तोवर मी त्यांना हे कधी सांगितलं नाही. मला सोडणं योग्य होतं, असं मी आजही मानतो.

"त्याले सांगीसन जाय," काका म्हणाले. "आनि खावाले तू नको देऊ. मी दिसू."

मग रोज ऑफिस सुटल्यावर मी त्याला तिथं नेऊ लागलो. ताटलीला मी हात लावायचा नाही, खायला काका देणार. त्याच्यासमोर उभं राहून एकच वाक्य म्हणायचं, "जातो, येतो." गाडी त्याच्या डोळ्यांदेखत चालू करायची. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत परत आलो. मग अर्धा तास, मग दोन तास. तो जाळीवर उड्या मारी, केकाटे, आणि मला ते ऐकत निघावं लागे. मागून पळून जाण्यापेक्षा हे फार अवघड होतं. आठव्या दिवशी त्याला रात्रभर ठेवलं. सकाळी गेलो तेव्हा काकांनी दिलेली अर्धी भाकर संपली होती.

ते ऐकून आई सुरतला निघाली. या वेळी तिला दाखल करून घेतलं. रोज सकाळी ती विचारी, "खाल्लं का त्याने?" मी काकांना फोन लावून तिच्या कानाशी धरी. दुसऱ्या दिवशी त्याने दूध प्यायलं. तिसऱ्या दिवशी भाकर. सहाव्या दिवसापासून आईने विचारणं थांबवलं, कारण तिच्या नाकात नळी होती.

चुकलेल्या तारखेमुळे किती फरक पडला, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. त्यांनीही तो विषय काढला नाही.

आईचा देह पिकअपमधून डोंगरातल्या गावी नेताना वाटेत मी धानोऱ्याच्या रस्त्याला गाडी थांबवायला लावली. नातेवाईक कुरकुरले. तरी मी शेडपर्यंत चालत गेलो, जाळीसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "जातो, येतो." त्याने शेपटी हलवली. नंतर वळून सावलीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी गावात, माती सावडून झाल्यावर, टेकडीवर रेंज असते तिथं मी जाऊन उभा राहिलो. काकांचा फोन आला. "भाऊ, त्यानी खादं बरं का. दीड भाकर. तू नींघना तवच खादं."

मी "बरं" म्हणालो. ही बातमी ऐकणारं आता माझ्याकडे कुणी नव्हतं.