तात्यांना मी वजा दोन दिले

पणदऱ्याहून अमेरिकेला निघाले त्या दिवशी तात्या जीपमध्ये पुढं बसले होते आणि विमानतळ येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. माझे वडील एरवी किती बडबडे! उतरल्यावर मात्र म्हणाले, "पोचलीस की फोन कर. आन् पीठ घट्ट झाकून ठेव, न्हायतर जाळी धरती." लेक सातासमुद्रापार चाललीय आणि ह्यांना पिठाची काळजी, म्हणून मला हसू आलं. आत गेल्यावर मागं वळून हात केला की नाही, आठवत नाही. बहुतेक केला नसावा.

त्याला आता अठरा वर्षं झाली. हे मी घरच्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारख्या बूड उचलून गेलेल्यांसाठीही, कारण आपली खोड सारखीच आहे.

टेक्सासमध्ये एका हिवाळ्यात वीज गेली, ती तीन दिवस आली नाही. नळ गोठले. शेजारी जावं तर शेजाऱ्याचं नाव माहीत नाही. तेव्हा मी जी घाबरले ती घाबरलेच. तांदळाच्या गोण्या, पाण्याचे कॅन, जनरेटर, बॅटऱ्या. "दुकान टाकतेस काय?" नवरा म्हणायचा. आमच्यासारख्या घाबरटांचा एक ग्रुप आहे. तिथं लोक काउंट्यांना, म्हणजे तिथल्या तालुक्यांना, मार्क देतात: पाणी किती, माती कशी, हायवे किती लांब, जग बंद पडलं तर कुठं तग धरता येईल. मला वाटलं, परक्या काउंट्या कशाला धुंडाळायच्या, माझा तालुका आहे की! दोन-चार एकर घेऊन ठेवावी, वेळ आली तर मुलांना घेऊन तिकडंच. म्हणून यंदा महिनाभरासाठी गावी गेले ती मार्कांचा तक्ता घेऊनच.

दादानं मला मोटरसायकलवरून सगळीकडं फिरवलं. भिगवणला उजनीचं पाणी अफाट, मासे, रेल्वे स्टेशन. पण हायवे दाराशी, म्हणजे पुण्याची गर्दी पहिली तिथंच येऊन आदळणार. पाण्याला दहा, सुरक्षिततेला तीन. काटेवाडी-पणदऱ्याला कालवा, कसदार जमीन, बारामतीचे दवाखाने जवळ. पण गावातल्या किराणा दुकानात अर्धा तास उभी राहिले आणि पाहिलं, आमचा सगळा हिरवागार उसाचा भाग गहू-ज्वारी विकत आणतो. दूध सकाळीच डेअरीला जातं, घरात चहापुरतं राहतं. "दादा, उद्या रस्ते बंद झाले तर ऊस चघळून किती दिवस काढाल?" मी विचारलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "हे मातुर खरं हाय गं." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! अन्नाला चार दिले. इंदापूरच्या जिरायती भागात घराघरात ज्वारीची पोती दिसली, त्यांना सात.

तक्त्यात शेवटचा रकाना माणसांचा असतो, उपयोग आणि भार. दादाला आठ दिले, मोटार बिघडली तर स्वतः खोलतो. वहिनीला नऊ. धार काढते, ट्रॅक्टर चालवते, अडलेली शेळी सोडवते. आणि तात्या: वय एक्क्याऐंशी, चालता येत नाही, रोज इन्सुलिन, फ्रिज लागतो. वजा दोन. लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही.

दादाला कागदावर बघायचं होतं म्हणून बारामतीतून मराठीत प्रिंट काढून आणली आणि ओट्यावर पेपराशेजारी ठेवली. तात्यांना दिसत नाही, म्हणून वहिनी त्यांना रोज सकाळी पेपर वाचून दाखवते. त्या दिवशी पेपर संपल्यावर तिनं माझा कागद घेतला. लेकीचं काम, म्हाताऱ्याला कौतुक वाटेल, असं तिच्या मनात. वाटतही होतं. "भिगवणला तीनच? आरं तिच्या!" असं म्हणत तात्या खूश होऊन ऐकत होते. मी दारात चहा पीत होते. स्वतःचे नऊ वाचताना वहिनी लाजली, आणि पुढं थांबली.

"का गं थांबलीस?"

"संपलं, तात्या."

"माझं न्हाय व्हय त्यात? वाच की."

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. तिनं खाली मान घालून वाचलं.

"दोन कशाचं?" तात्यांनी विचारलं.

"एक इन्सुलिनचा, एक चालता येत नाही त्याचा," मी म्हणाले. अगं बाई, मी चक्क उत्तर दिलं! माझी जीभ कशी झडली नाही?

"बराबर हाय," तात्या म्हणाले.

वहिनी मात्र भडकली. "वन्सं, हितं लाईट जाती तवा मी ते औषध मडक्यात ठिवते, वरनं ओलं फडकं. आजपातूर एक दिस चुकला न्हाय. तुमी एकदा इचारलं तरी का?"

नव्हतं विचारलं. महिनाभर त्याच घरात जेवत होते.

"आन् तुला किती, पोरी?" तात्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो, त्यांना यादी पुरी करायची होती. माझं नाव मी घातलंच नव्हतं.

"धार काढता येती?"

"नाही, तात्या."

"चुलीवर भाकरी?"

"सवय राहिली नाही."

"गोळ्या-बिळ्या?"

"थायरॉइडची. रोज."

मग तात्या वहिनीला म्हणाले, "लिही गं. लेक, जावई आन् दोन नातवंडं. औंदा ज्वारीची दोन पोती ज्यादा भरा. आन् त्यास्नी मार्क नगं देऊ. येतील तवा दमल्याली असतील."

मी घरात गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. वजा दोनबद्दल माफीसुद्धा मागता आली नाही. कुठल्या तोंडानं मागणार?

जमीन न घेताच टेक्सासला परतले. गेल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. राग कधीच निवला होता. "वन्सं, तुमच्या वाटची ज्वारी भरली बरं का," म्हणाली. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, माझ्याकडं सहा महिन्यांचं सामान आहे ते चार माणसांचं. भरताना तात्या, दादा, वहिनी मनात एकदाही आले नव्हते.

इथं कुणी विचारलं की घर कुठलं, तर मी अजून पणदरेच सांगते. फक्त आता सांगताना मान खाली जाते.