अठरा प्रोग्रॅमचा सौदा

माझ्या मुलीला तिच्या क्लासच्या सरांनी फसवलं. सौदा मी ठरवला होता, म्हणून मीही त्यात आहे. पण आधी त्यांचं सांगतो.

राजाजीनगरात माझं प्लायवूडचं दुकान आहे. दहावीनंतर शिकलो नाही. दुसऱ्याच्या दुकानात फळ्या उचलता उचलता भाव करायला शिकलो आणि त्यावरच उभा राहिलो. समोरच्याने सांगितलेला पहिला आकडा मी आजवर कधी मान्य केलेला नाही.

मुलगी बीसीएच्या पहिल्या वर्षाला गेली. प्रोग्रॅमिंगचा पेपर कागदावर लिहायचा असतो हे ऐकून मी हसलो होतो. पोहण्याची परीक्षा गच्चीवर घ्यावी तसं ते वाटलं. तिची मात्र एक रीत होती. पानाच्या कडेला पेन्सिलीने चौकोन काढायची आणि आत आकडा लिहायची. प्रोग्रॅमची एक ओळ वाचली की जुना आकडा खोडून नवा. मशीन आत जे करतं ते ती हाताने करायची. "अप्पा, बघा, आता हा सहा झाला." गिऱ्हाईक सोडून मी बघायचो. मला कळायचंसुद्धा.

परीक्षा जवळ आली, तिच्या मैत्रिणींचे चाळीस-चाळीस प्रोग्रॅम तोंडपाठ झाले आणि मी घाबरलो. मागच्या गल्लीतल्या क्लासमध्ये तिला घेऊन गेलो. सरांनी छापील यादी पुढे सरकवली.

"चाळीस आहेत, अण्णा. उत्तरासकट. पाठ केले की पास."

"चाळीस फार होतात. पंधरा करा."

"हा काय भाजीबाजार आहे?"

"माझी मुलगीही भाजी नाही. पंधरा."

"स्वल्प, थोडं तरी वर या, अण्णा."

अठरावर सौदा ठरला. सरांनी पेनाने बावीस प्रोग्रॅम खोडले. मुलगी हळूच म्हणाली, "पण सर, मी चौकोन काढून करते. मला जमतं."

"त्यात वेळ जातो, बाळ. पेपरात डोकं चालवणारे मागे राहतात."

ते हसले. मीही हसलो. बावीस कमी करून आणल्याचा मला अभिमान होता.

घरी ती कंसांसकट, अर्धविरामांसकट घोकायला लागली. एकदा पुन्हा चौकोन काढताना दिसली. "रांगोळ्या पुरे, पाठ कर!" म्हणून मी तिच्या हातातली पेन्सिल ओढून घेतली.

ती नापास झाली. मी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली आणि तिला शेजारी बसवून पानं उलटली. एका प्रश्नात प्रोग्रॅम छापून दिला होता, तो काय उत्तर देईल ते लिहायचं होतं. एक ते दहातल्या फक्त सम संख्यांची बेरीज. उत्तर तीस. तिने पंचावन्न लिहिलं होतं, म्हणजे सगळ्या दहा संख्यांची बेरीज. हा सगळ्या संख्यांचा प्रोग्रॅम आमच्या अठरांत होता. आणि समासात चौकोन होता. दोन, सहा, बारा, वीस. मग त्यावर आडवी रेघ.

"अगं, एकच आकडा राहिला होता. थांबलीस का?"

"यादीत पंचावन्न होतं, अप्पा. मला वाटलं, माझंच चुकतंय."

पुरवणी परीक्षेला ती बसली नाही. आता ती कॉमर्सला आहे. शेजारच्या बाईंनी कॉम्प्युटर का सोडला विचारलं, तर म्हणाली, "मला तेवढं डोकं नाही, आंटी." रडली असती तर मी काहीतरी केलं असतं. हे ती भाव सांगावा तसं सांगते.

मी क्लासमध्ये जाऊन आवाज चढवला. पोरं वह्यांतून वर बघायला लागली. सर शांतपणे म्हणाले, "अण्णा, सम संख्यांचा प्रोग्रॅम यादीत होता. तुम्ही खोडायला लावलेल्या बाविसात."

मी पायऱ्या उतरलो. उत्तर दुकानात आल्यावर सुचलं, म्हणून सर, तुम्हालाच इथे लिहितो. खोडला असेल. पण तिला तो यादीत लागतच नव्हता. ती स्वतःहून विसापर्यंत पोचली होती. तिथून तिला मागे ओढलं ते तुमच्या शब्दाने.

पेन्सिल ओढणारा हात माझा, हे मी तिला सांगितलं. तिने मान हलवली, पण मनावर घेतलं नाही, मी प्लायवूडवाला. तुमचं ती ऐकेल. घरी या, तिच्यासमोर बसा आणि तुमच्या तोंडाने सांगा की तिची रीत बरोबर होती. केव्हा येताय, सर?