खुबे मोडणारी जाऊ

माणसाच्या तोंडाआधी त्याच्या चालीकडे बघणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती माझी धाकटी जाऊ. तिची माझी पहिली भेट तिच्या साखरपुड्यात झाली. मोठी जाऊ म्हणून मी ठेवणीतली साडी नेसून गेले होते. मांडवातल्या सगळ्या बायका साडीकडे बघत होत्या, आणि नवरी मुलगी माझ्या पावलांकडे. ओळख करून दिल्यावर ती हसून म्हणाली, "ताई, तुमचे दोन्ही पाय अगदी सारखे पडतात." मी शेवगावच्या शाळेत मराठी शिकवते, शब्दांशी रोजचा संबंध. तरी या कौतुकावर मी आपली "जेवून घे" म्हणाले आणि उरलेला वेळ फार जपून चालले.

ती नगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि शिकवून उरलेल्या वेळात खुबे मोडते. हे तिचेच शब्द. माणसाचा खुब्याचा सांधा झिजला की डॉक्टर तो काढून धातूचा बसवतात. मांडीच्या हाडात एक दांडा आणि त्याच्या टोकाला गोळा. तो दांडा किती भार सोसेल, कुठे वाकेल, कधी तडकेल, हे माणसाला हात न लावता कॉम्प्युटरवर आधीच बघायचं, हे तिचं काम. सासूबाईंनी विचारलं तेव्हा तिने ताटातली भाकरी कुस्करून दाखवली. हाडाचे आणि दांड्याचे कॉम्प्युटरात असेच बारीक बारीक तुकडे करायचे, वरून भार टाकायचा आणि तो एका तुकड्यावरून दुसऱ्यावर कसा उतरतो ते गणिताने शोधायचं. जिथे ताण जास्त तिथे चित्र लाल होतं, कमी तिथे निळं. सासूबाईंनी सगळं मन लावून ऐकलं आणि कुस्करलेल्या भाकरीवर आमटी वाढली.

घरात या कामाची सवय व्हायला वेळ लागला. एका सकाळी ती फोनवर मोठ्या आनंदाने कुणाला तरी सांगत होती, "अहो, मोडला एकदाचा खुबा, आणि मला हवा तिथेच मोडला." सासूबाईंनी ते ऐकलं आणि नगरला कुणाला भेटायला जायचं, सोबत काय न्यायचं, याची तयारी सुरू केली. हळदीकुंकवाला आलेल्या आत्याबाईंना तिने अत्तर लावता लावता वजन विचारलं. वर हेही सांगितलं की पायरी चढताना खुब्यावर वजनाच्या कितीतरी पट भार येतो. आत्याबाई त्यानंतर आमच्याकडे आल्या की अंगणातूनच बोलतात. माझ्या चुलतदिराला मुलगी बघायला गेलो तेव्हा तर कहर झाला. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली, आम्ही सगळे तिचा चेहरा बघत होतो, आणि धाकटीने गंभीरपणे सांगितलं की मुलगी डाव्या पायावर भार कमी देते, सांधा दाखवून घ्यायला हवा. मग ती मुलगीच हळूच म्हणाली, "नवी चप्पल चावलीय, फोड आलाय." लग्न झालं, दोघं सुखात आहेत, पण ती सून अजूनही धाकटीसमोर शक्यतो बसूनच असते.

तिचा एक हट्ट मात्र मला पहिल्यापासून पटला होता. ती म्हणायची, चालणं आणि जिना चढणं यांचा हिशोब सगळे करतात. आपली माणसं जमिनीवर बसतात, उकिडवी बसून धारा काढतात, त्याचा कोण करणार? म्हणून सुट्टीला गावी आली की ती गोठ्यात, शेतात, पारावर मोबाईल धरून माणसांचं उठणं-बसणं टिपत असायची. आधी लोक हसले, मग सरावले. एक म्हातारे तर तिला बघितलं की न सांगता दोनदा उठून बसून दाखवायचे.

आणि मग हे सगळं आमच्या घरावरच आलं. माझे सासरे, अण्णा, धाकटीच्या लग्नाच्या आधीपासून लंगडत होते. ते लंगडणं वाढत गेलं आणि शेवटी त्यांना बाजेवरून उठताना कुणाचा तरी हात लागायला लागला. नगरच्या डॉक्टरांनी उजवा खुबा बदलायला सांगितला. वर हेही सांगितलं की नंतर जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही. अण्णा म्हणाले, जमिनीवर बसायचं न्हाई तर शेतकऱ्यानं बसायचं कुठं? माझ्या नवऱ्याने समजावलं, धाकटे दीर चिडले, सासूबाई रडल्या. अण्णांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, की हाय ते बरं हाय. यात धाकटी एक शब्द बोलली नाही. मला नवल वाटलं आणि थोडा रागही आला. जगाचे खुबे बघणारी ही बाई स्वतःच्या सासऱ्यांपाशी गप्प का?

अण्णांच्याही ते लक्षात आलं असावं. एका संध्याकाळी त्यांनी तिला हाक मारली आणि तू दिवसभर काय करती ते मला दाव, म्हणाले. तिने बाजेवर लॅपटॉप ठेवला. पडद्यावर मांडीचं हाड आणि त्यात बसवलेला दांडा होता. तिने भार टाकला, चित्र जागोजाग रंगलं, दांड्याच्या एका बाजूला लालसर पट्टा उमटला. अण्णांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग त्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"हितं दुखतं का?"

"दुखण्याचं यात कळत नाही, अण्णा. ताण किती ते कळतं."

"मंग माझं दुखायचं थांबल का, ते तू सांगू शकत न्हाईस."

धाकटीने मान हलवली. तिचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "नाही सांगू शकत. असला दांडा सहसा मोडत नाही, एवढं सांगते. तुमचं दुखणं डॉक्टरांना जास्त कळतं. आणि खाली बसायला मिळणार नाही याचं मला फार वाईट वाटतं."

अण्णांनी चष्मा उतरवला आणि ते सासूबाईंना म्हणाले, "पोरीनं गोड बोलून फसवलं न्हाई. जाऊ आपुन नगरला."

ऑपरेशनच्या दिवशी आमच्यात सगळ्यात जास्त घाबरलेली तीच होती. दवाखान्याच्या बाकावर ती माझा हात घट्ट धरून बसली होती. मध्येच म्हणाली, "ताई, माझ्या कॉम्प्युटरात माणूस नसतो हो. नुसता खुबा असतो." दुसऱ्या दिवशी वॉकर धरून अण्णा खोलीत पहिली पावलं टाकायला उभे राहिले. जगाच्या चाली टिपणारी माझी जाऊ तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभी होती, आणि "पडले नाहीत ना?" असं मला पुन्हा पुन्हा विचारत होती.

अण्णा पडले नाहीत. दुखणं गेलं. शेतात त्यांच्यासाठी खुर्ची गेली. आधी त्यांना त्या खुर्चीची लाज वाटायची, मग ते तिच्यावर बसून सगळ्यांना हुकूम सोडायला लागले. काही वर्षं अशी बरी गेली. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी ते उठलेच नाहीत. हृदय थांबलं होतं.

तिसऱ्या दिवशी पुरुष मंडळी सावडून आली. राखेत तो दांडा तसाच सापडला होता, काळा पडलेला. माझ्या नवऱ्याने तो पंच्यात गुंडाळून आणला, पण त्याचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भावकीतले एकजण म्हणाले, अस्थींबरोबर पैठणला सोडून द्या. सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "धाकटीला द्या. ती ठिवंल नीट."

तिने तो ठेवला नाही. आम्ही दोघी शेतात गेलो आणि बांधावरच्या लिंबाखाली खड्डा केला. तो पुरण्याआधी तिने हातात घेऊन नुसता तोलून बघितला. "किती हलका आहे," म्हणाली. मग माती लोटली.

परत निघताना ती थांबली. म्हणाली, "ताई, मी या घरात आले तेव्हा अण्णा लंगडतच होते. त्याआधी कसे चालायचे?"

मी सांगायला गेले. गावात लग्न कुणाचंही असो, पंगतीत आमटी वाढायला अण्णाच असत. भरलेली बादली डाव्या हातात, ओगराळं उजव्या हातात, कमरेत वाकून, कुणाच्या पत्रावळीला पाऊल न लावता ते रांगेमागून रांग पुढे सरकत. पण नुसतं सांगून ते काही दिसेना. मग मी पदर खोचला, डावा हात जड केला आणि कापसाच्या सरीतून वाकून चालायला लागले; थांबत, वाढत, पुन्हा पुढे जात. पलीकडच्या शेतातल्या बाया काम थांबवून बघत होत्या. सरीच्या टोकाला पोचून मी मागे वळले. धाकटी होती तिथेच उभी होती.

"ताई, अजून एकदा," ती म्हणाली.

मी पुन्हा बादली उचलली.