सोडायच्या पाच वस्तू

सरकारी नोकरीत चिकटले त्या दिवशी माझ्याकडून एका कागदावर सही घेतली होती. कचेरीतलं काही बाहेर बोलणार नाही, घरच्यांशीही नाही. मला हसू आलं होतं. टायपिस्टला असं काय मोठं कळणार? स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झालेली, आणि परदेशातून कुठला माल येऊ द्यायचा, कुठला नाही, याचे कागद आमच्या कचेरीत चालत. दिवसभर ते टाईप करायचे आणि संध्याकाळी घाटकोपरला दादाच्या घरी येऊन वहिनीबरोबर भाकऱ्या थापायच्या. पोटात काही दडवून ठेवायची वेळच आली नव्हती.

दादा गिरणीत फिटर होता, आणि कायम होता. आमचे बाबा जन्मभर बदली कामगार राहिले. रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभं राहायचं आणि कुणाचा खाडा पडला तर आत जायचं. त्यामुळे ‘कायम’ हा शब्द आमच्याकडे देव्हाऱ्यात ठेवण्याजोगा होता. दादाचा जीव मात्र गिरणीत रमत नव्हता. खोलीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने हाताने फिरवायचं यंत्र बसवलं होतं आणि पाळी संपली की तो तिथे सेफ्टी पिना करी. वहिनीच्या बांगडीत त्याच अडकवलेल्या असत. खरं सांगायचं तर थोड्या बोथट होत्या. लुगड्याला लावताना जोर करावा लागे, पण आम्ही दोघी कधी तसं बोललो नाही.

मग एका देशाशी व्यापाराचा करार करायचं ठरलं. कुठला परदेशी माल आल्यास तुमचं नुकसान होईल ते कळवा, अशी लहान कारखानदारांना सूचना निघाली. ती पेपरातच होती, त्यात गुपित काही नव्हतं. दादाला अर्ज करायला मी लावलं. काय लिहायचं तेही मीच सांगितलं. मला फार अक्कल होती ना! पुढे कारखानदारांच्या मंडळातून बातमी आली की पाच वस्तू येऊ द्यायच्या नाहीत यावर सरकार अडून बसणार आहे आणि त्यात सेफ्टी पिना आहेत. दादाने शेडला नवा रंग दिला.

त्याच आठवड्यात साहेबांनी मला आत बोलावून टिपण सांगायला घेतलं. सरकारला या करारातून काय काय हवंय, त्याचं टिपण. आपलं कापड त्यांच्याकडे जकातीशिवाय जावं, मोठी यंत्रं सवलतीत मिळावीत, अशी एकेक कलमं होती. शेवटी त्या पाच वस्तू आल्या. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, “पहिले चार दिवस यांच्यावर हटून बसायचं. पाचव्या दिवशी पाचही सोडायच्या आणि बदल्यात कापडाचं पदरात पाडून घ्यायचं.”

मी शॉर्टहँडमध्ये लिहून घेतलं. हात थांबला नाही, याचंच मला आज नवल वाटतं. साहेब दुष्ट नव्हते. वहिनी बाजारात हेच करते. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भांडत राहते, आणि ती सोडल्यासारखं करून वांगी हव्या त्या भावात घेते. हजारो विणकरांपुढे एका शेडचं काय मोल? पण त्या शेडमध्ये माझा भाऊ उभा होता.

चारच दिवसांनी दादाने हाताने लिहिलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. गिरणीचा राजीनामा होता. “छान टाईप करून आण गो बाय,” म्हणाला. करार होईपर्यंत थांब, असं मी म्हटलं. सरकार माझ्या पिनांसाठी भांडतंय आणि मी गिरणीत पाने-पकडी घेऊन फिरू का, असं त्याने हसून विचारलं. मग मी अमावास्येचं निमित्त काढलं; एरवी मी कधी पंचांग उघडलं नव्हतं. चुलीपाशी वहिनीने हळूच विचारलं, “वन्सं, तुम्ही तिथेच असता. धोका नाही ना काही?” मी नुसती टाईप करते, त्यातलं मला कळत नाही, असं सांगून मोकळी झाले. मोकळी कसली! बोलावं तर नोकरी जाते आणि सही खोटी ठरते. गप्प बसावं तर दादा बुडतो. इकडे आड, तिकडे विहीर.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी राजीनामा टाईप केला, ज्या मशीनवर ते टिपण केलं होतं त्याच मशीनवर. तारीख मुद्दाम घातली नाही. वाटलं, गिरणीवाले परत पाठवतील, तेवढेच दोन दिवस मिळतील. दादाने आपल्या हाताने तारीख घातली आणि कागद देऊन आला.

बोलण्यांच्या पाचव्या दिवशी साहेब खुशीत परतले आणि त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. मीही खाल्ला.

सात-आठ महिन्यांनी परदेशी पिना घाटकोपरच्या दुकानात आल्या. तोवर दादाची कायमची जागा दुसऱ्याला गेली होती. तो पुन्हा त्याच गिरणीच्या दाराशी जाऊ लागला होता, बाबांसारखा, बदलीवर. एका रविवारी दुपारी मी शेडमध्ये गेले तेव्हा त्याच्या हातात त्या पिनांचा पुठ्ठा होता. एक उघडून त्याने अंगठ्यावर टोक लावून पाहिलं.

“टोक बरं आहे यांचं,” म्हणाला. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, “तुका ठावक होतां, बाय?”

मी हो म्हटलं आणि सहीचं सांगितलं. तो चिडेल, निदान ओरडेल तरी, असं वाटत होतं. त्याने पिन मिटून पुठ्ठ्यावर परत लावली.

“सांगायचं नव्हतं, तर नाही सांगितलंस. त्याचं काय नाय,” तो म्हणाला. “पण माझो राजीनामो टाईप करूक कोणी सांगितल्यान तुका? तो तर मी आणलेलो कागद, कचेरीचो नव्हतो.”

पुढे आलेला कागद टाईप करायचा, याची मला इतकी सवय झाली होती की त्या कागदाला नाही म्हणता येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.