ऐकू येईल असा कीबोर्ड

“पहिले ऐकून घ्या, मंग भांडजा.”

आर्वीच्या बसस्थानकावर उशिरा आलेल्या गाडीवरून जे कुणी तावातावानं चौकशीच्या खिडकीशी गेले असतील, त्यांनी हे वाक्य ऐकलेलंच असणार. खिडकीतले कंट्रोलर म्हणजे आमचे शेजारचे काका. गाड्यांची घोषणा तेच करायचे. माइक बंद पडला तरी त्यांचं काही अडायचं नाही.

निवृत्त होऊन ते वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघ्याला राहायला आले, तेव्हा तो आवाजही सोबत आला. काका समोरच्या खोलीत, काकू स्वयंपाकघरात, आणि दोघांचं बोलणं मधल्या भिंतीतून आमच्या घरी.

मग काकांना घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. काका वाचले. आवाज गेला.

घरी आल्यावर ते पाटीवर लिहू लागले. पण काकू आत असल्या की पाटी दाखवायची कुणाला? मग काका टेबलावर वाटी आपटायचे. काकू पिठाच्या हातांनी धावत यायच्या, चेहरा पांढराफटक. दर वेळी त्यांना वाटायचं, हे पडले. पाटीवर असायचं, ‘चहा’.

मी घंटी सुचवली. काकांनी लिहिलं, ‘बायकोले घंटी वाजवून बोलावू? मी सायेब हाय का?’

पुण्याच्या मुलीनं जुना लॅपटॉप पाठवला. लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायची सोय त्यात होती. काकांनी लिहिलं, ‘मले भूक लागली.’ आतला कुणी तरुण ते इतक्या गुळगुळीत स्वरात बोलला की काकूंना हसू आवरेना. हसता हसता त्या रडायला लागल्या. काकांनी तो आवाज बंद केला. पुन्हा कधी लावला नाही.

मी घरूनच संगणकावर काम करते. एकदा काका येऊन माझ्या पाठीमागे उभे राहिले. माझा कीबोर्ड मेकॅनिकल, कळ दाबली की टक् वाजते. त्यांनी एका बोटानं एक कळ दाबली, सोडली, परत दाबली. मग पाटी पुढे केली. ‘हे कुठं भेटते?’

आम्ही तिघं वर्ध्यातल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं तीन कीबोर्ड काढून ठेवले. पहिला जवळजवळ मुका. दुसऱ्याच्या कळा बोटाखाली किंचित अडायच्या. तिसरा चांगलाच वाजणारा.

“हा घ्या काका,” पहिल्यावर हात ठेवत तो म्हणाला. “शेजारच्या माणसालेई ऐकू येत नाई. सगळे हाच नेऊन राह्यले.”

काकांनी मान हलवली. काकूंना खुणेनं बाहेर पाठवून पायरीवर उभं केलं, रस्त्याकडे तोंड करून.

“काऊन?” काकू.

मला काकांचं मन कळलं. मी म्हटलं, “ऐकू आलं की हात वर करा.”

पहिला वाजवला. काकू तशाच उभ्या. दुसरा वाजवला, नेमका ट्रक गेला. काकांनी ट्रक जाऊ दिला आणि पुन्हा वाजवला. हात खालीच. तिसऱ्यावर मात्र पहिल्याच टक् ला काकूंचा हात वर गेला. काका थांबले नाहीत. मान खाली घालून ते लिहीतच राहिले, पुष्कळ वेळ. आणि ते थांबेपर्यंत काकूंनी हात खाली घेतला नाही.

आत येऊन त्यांनी विचारलं, “एवढं काय म्हणत होते?”

कीबोर्ड कशालाच जोडलेला नव्हता. काकांनी नुसतं तिसऱ्या कीबोर्डाकडे बोट दाखवलं.

त्यानंतर भिंतीपलीकडचं घर पुन्हा बोलू लागलं. टकटक व्हायची, काकू येऊन लॅपटॉपच्या पडद्यावरचं मोठ्यानं वाचायच्या आणि तिथेच उत्तर द्यायच्या. दोघांची वाक्यं एकाच आवाजात. काका चिडले की कळा धाडधाड वाजायच्या आणि आतून काकूंचा आवाज यायचा, “ओरडू नका, आली ना!”

दुखणं उलटलं तेव्हा काकांना सावंगीच्या दवाखान्यात भरती केलं. कीबोर्ड घरीच राहिला. काकू खाटेलाच लागून बसलेल्या, त्यांना हाक मारायची गरज नव्हती. काका त्यांच्या तळहातावर बोटानं लिहायचे.

“शेवटी शेवटी अक्षरच उमटे ना,” काकू मला म्हणाल्या. “काहीतरी लिवलं त्याइनं, लंबं. मले समजलंच नाई. मी हो म्हटलं.”

परवा मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या चटणी करत होत्या. मिक्सर लावला आणि मध्येच बंद केला. समोरच्या खोलीकडे कान देऊन उभ्या राहिल्या.

मग त्यांनी झाकणावर हात दाबून धरला आणि मिक्सर पुन्हा सुरू केला.