देव पाण्यात

साळूबाईचं नाव आधी लिहिते, मग बाकीचं. अमरावतीहून अकोल्याकडे जाताना मूर्तिजापूरच्या अलीकडे तिचं काळ्या जमिनीचं शेत आणि घर आहे. ती नसती तर आज माझ्या यजमानांसाठी भाकरी थापत बसले नसते.

त्या वर्षी कापसाला असा भाव आला होता की रस्त्यावर बैलगाड्यांची रांग तुटत नव्हती. व्यापाऱ्याचा माल घेऊन आम्ही अकोल्याला निघालो आणि वाटेत माझ्या यजमानांना ताप भरला. महामारीच्या धास्तीनं गाडीवानांनी आम्हाला लिंबाखाली उतरवलं, आणि रांग पुढं गेली. साळूबाईनं पाहिलं, काही न विचारता गोठा उघडून दिला. तिथल्या कापसाच्या ढिगावर यांना निजवलं. उन्हाच्या तिरिपेत तंतू तरंगत राहायचे. वाटायचं, आम्ही दोघं जमिनीवर नाहीच, पांढऱ्या ढगातून कुठंतरी चाललो आहोत. प्रार्थनेला हात जोडले की तोंडातून एकच निघे, प्रभू, तुझे आभार. नगरची मिशनशाळा माझी लवकर सुटली. देवापुढं गोड तेवढंच बोलावं, इतकंच मनात पक्कं बसलं होतं. पोटात मात्र भीती आणि राग.

साळूबाई आंबील घेऊन आली. "तुया देव कुठी हाये, बाई? आन, पान्यात ठेवू."

इच्छा पुरी होईतो देवाला पाण्याबाहेर काढायचं नाही, ही तिची रीत. तिच्या तांब्यात चांदीचा टाक बुडालेला होता. आमच्यात मूर्ती नसते, मी म्हटलं.

"मंग त्याच्यासंग भांडतं कशी?"

"देवाशी भांडू नये."

"नवरा तापून राहिला, अन् तू देवाचा मान ठेवून राहिली." ती हसली. मग तांब्याकडे बघत म्हणाली, "पोरगा गाड्या घेऊन गेला थो आलाच नाही. त्याच्यासाठी ठेवला होता. काल सांगतलं देवाले, आदी या मानसाले पाह्य, माया पोराचं मंग."

मी तांब्यात पाहत राहिले. पाण्याखाली टाक हलल्यासारखा दिसत होता. आणि शाळेत न समजता पाठ केलेलं एक स्तोत्र वर आलं. त्यात पाण्यात असतो तो माणूस; पाणी गळ्याशी, पायाखाली चिखल, हाका मारून घसा सुकलेला. तो गोड बोलत नाही. माझ्या भीतीचे शब्द आमच्या शास्त्रात आधीच लिहून ठेवलेले होते. ते मोठ्यानं म्हटले, मग माझे मिसळले, का आणलंस इथं, का ऐकत नाहीस. साळूबाई दारात कापसातली पत्ती निवडत "हं" म्हणत होती, जणू गाऱ्हाणं तिच्याच ओळखीच्या कुणापुढं चाललं होतं. सगळं बोलून संपल्यावर, तुझ्या मनात असेल तसं कर, हे आपसूक आलं. तेव्हा खरंच घट्ट आवळलेले हात सुटल्यासारखं झालं.

ऊन कलताना यांनी पाणी मागितलं. ताप पुढं हळूहळू उतरला. हे कसं झालं ते मी कुणाला सांगत बसत नाही.

आम्ही निघालो तेव्हा तिचा देव पाण्यातच होता. आता अकोल्यात गाड्या सुटतात तिथं मी रोज जाते, तिच्या पोराचं नाव घेऊन विचारते, आणि त्याच्यासाठी तेच स्तोत्र म्हणते. एक दिवस त्याला घेऊन जाईन, आणि साळूबाई देव पाण्याबाहेर काढेल तेव्हा तिच्या दारात उभी असेन.