भोंगा झाला की सगळे ईश्वरीकडे बघतात

दहापैकी तीनच गणितं होती, त्यातलं तिसरं अर्धवट. सलग चौथा दिवस. मी वही ईश्वरीच्या नाकासमोर धरली.

"काल दीड तास काय करत होतीस?"

"अभ्यास."

"दीड तासात तीन गणितं?"

ती डाव्या पायाने उजवा पाय घासत उभी राहिली. पान इतकं खोडलं होतं की एका जागी भोक पडलं होतं. मला राग आला. मी तशी चिडकीच आहे. चोवीस वर्षं शिकवून माणूस शांत होतो असं म्हणतात, माझ्या बाबतीत ते काही झालेलं नाही. त्यात हा राग नुसता ईश्वरीवरचा नव्हता. तो दीड तास माझा होता.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. फलटणपासून अर्ध्या तासावर, चारी बाजूंनी ऊस. मी मुख्याध्यापिका, आणि शिक्षक कमी असल्याने पाचवीचा वर्गही माझ्याचकडे. जूनमध्ये ग्रामसभेत भांडून मी एक ठराव करून घेतला होता. संध्याकाळी सात वाजता पाण्याच्या टाकीवरचा भोंगा वाजणार. साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही, मोबाईल बंद. मुलं अभ्यासाला बसणार. इतर काही गावांत हे चाललं होतं, आपल्याकडेही चालवून दाखवायचं असं मी ठरवलं होतं.

आणि चाललंही. सातला भोंगा झाला की गल्लीतले मालिकांचे आवाज एकेक करून बंद व्हायचे. पहिल्या आठवड्यात मी मुद्दाम फिरून ते ऐकलं. मान ताठ करून घरी आले.

आठवड्याभराने केंद्रप्रमुखांचा फोन आला. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवणारे आमचे साहेब.

"बाई, उपक्रम छान आहे. पण पुरावा काय?"

"सर, संध्याकाळी येऊन बघा की."

"मी कुठं कुठं येऊ? फोटो पाठवा. रोजचे. फाईल तयार होते."

मग मी पालकांच्या ग्रुपवर सूचना टाकली. सव्वासात वाजता एकदाच मोबाईल उघडायचा, मुलाचा अभ्यास करतानाचा फोटो टाकायचा, मोबाईल परत बंद. मोबाईल बंद ठेवल्याचा पुरावा मी मोबाईलवर मागत होते. तेव्हा मला यात काही वावगं दिसलं नाही.

ईश्वरीचे वडील सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार. गावात त्यांना सगळे हवालदारच म्हणतात. भोंग्याच्या ठरावाला पहिला हात त्यांनीच वर केला होता. ऑगस्टच्या शेवटी ते शाळेत आले. ताठ बसले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. सांगलीकडच्या एका निवासी शाळेचा फॉर्म होता. दिवाळीनंतर लगेच प्रवेश.

"बाई, हिचं ध्यान लागत न्हाई. घरात समदं बंद करून बी लागत न्हाई. तितं शिस्तीत ऱ्हाईल."

"हवालदार, दहा वर्षांची पोरगी आहे."

"तुमीच सांगा मग. भोंगा हाय, टीव्ही बंद हाय, टेबल आणलंय, दिवा आणलाय. आता काय करायचं ऱ्हायलंय?"

मी म्हटलं, "सहामाही परीक्षेपर्यंत थांबा. तिचं ध्यान लावायची जबाबदारी माझी."

ते थांबले. फॉर्म मात्र घडी करून खिशात गेला. त्या दिवशी शाळा सुटल्यावर ईश्वरी माझ्या टेबलापाशी घुटमळली. "बाई, मला न्हाई जायाचं," एवढंच म्हणाली आणि पळाली. मी शब्द देऊन बसले होते आणि करायचं काय ते माहीत नव्हतं.

मग मी एकेक गोष्ट तपासत सुटले. पहिली शंका डोळ्यांची. शाळेत आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरांकडून डोळे आणि कान दोन्ही बघून घेतले. उत्तम. दुसरी शंका, गणितच येत नसेल. सकाळच्या पहिल्या तासाला मी तिला तीच दहा गणितं दिली आणि माझं हजेरीपत्रकाचं काम करत बसले. वीस मिनिटांत दहाच्या दहा बरोबर, पानावर एक खाडाखोड नाही. म्हणजे गणित येत होतं. शाळेत जमत होतं, घरी जमत नव्हतं. तिसरी शंका मी हवालदारांना विचारायला नको होती. "चोरून मोबाईल बघत नाही ना?" हे विचारल्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

प्रशिक्षणात शिकवलेला उपायही करून बघितला. वीस मिनिटं काम, पाच मिनिटं उठून फिरणं. दुसऱ्या दिवशी वहीत दोनच गणितं आली.

सप्टेंबर संपत आला. एका दुपारी मी ग्रुपवरचे तिचे जुने फोटो काढून बघत बसले. फोटो सगळ्या वर्गात देखणे होते. केसाला तेल, पाठ सरळ, पेन हातात, वही उघडी. पण एक गोष्ट लक्षात आली. जूनमध्ये फोटो सव्वासातला यायचा. आता पावणेआठला येत होता. आणि पावणेआठच्या फोटोतही पेन पहिल्याच गणितावर होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी सातला पाच मिनिटं कमी असताना मी हवालदारांच्या दारात उभी राहिले.

"या की बाई!" ईश्वरीच्या आईने खुर्ची दिली. भोंगा झाला. टीव्ही बंद झाला. बाहेरच्या खोलीच्या मधोमध ते नवं टेबल होतं. ईश्वरी येऊन बसली. आणि मग घरातले सगळे येऊन बसले. हवालदार समोरच्या दिवाणावर. आई उंबऱ्यापाशी. आजोबा, त्यांना सगळे आण्णा म्हणतात, कोपऱ्यातल्या खाटेवर. चुलता शिरवळच्या कंपनीतून नुकताच आलेला, तो भिंतीला टेकून. कुणाच्या हातात काही नाही. पाच मिनिटांपूर्वी सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे होती. आता ती ईश्वरीकडे होती.

"पाठ सरळ कर," हवालदार म्हणाले.

तिने केली.

"पाणी पायजे का गं?" आईने विचारलं.

"न्हाई."

"कितवं चाललंय?" आण्णा.

"पयलं."

"अजून पयलंच?" चुलता हसला.

आम्हा शिक्षकांना निरीक्षण करताना रेघा मारायची सवय असते. एखादी गोष्ट घडली की एक उभी रेघ, पाचवी आली की आडवी, म्हणजे मोजायला सोपं. मी पिशवीतून टाचणवही काढली, म्हणजे रोजच्या पाठांची तयारी लिहितो ती वही. ईश्वरीला कुणी काही बोललं की एक रेघ. अक्षर बघ. दिवा जवळ घे. पाय हलवू नको. बाईंना दाखव की. बघू, आण इकडं. हातचा घेतलास का? मग फोटोची वेळ झाली. आईने तिचे केस परत बसवले. पहिल्या फोटोत डोळे मिटले. दुसऱ्यात मागे वाळत घातलेला टॉवेल आला. टॉवेल काढला. तिसऱ्यात वही वाकडी. "बाईंच्या ग्रुपवर जातंय, नीट बस," हवालदार म्हणाले. मी मान खाली घातली.

पावणेआठला मी रेघा मोजल्या. बेचाळीस. वहीत गणित झालं होतं एक.

मग मी पुन्हा बघितलं. त्या बेचाळिसातल्या सहा माझ्या होत्या. 'जमतंय ना ईश्वरी?', 'घाई करू नको', असलंच काहीबाही मीही मधूनमधून बोलले होते, आणि हाताने इमानदारीत रेघ मारली होती. मला स्वतःची लाज वाटली. महिनाभर मी पोरीत दोष शोधत होते.

"ईश्वरी, जरा मागच्या अंगणात जाऊन ये," मी म्हटलं. ती सुटल्यासारखी पळाली. मी वही हवालदारांपुढे ठेवली आणि रेघा कसल्या ते सांगितलं.

त्यांनी एकेका रेघेवरून बोट फिरवलं. मग एकदम भडकले. "आवं, मग आमी काय करायचं बाई? बातम्या बंद. मोबाईल बंद. समोर पोरगी बसलीय. दीड तास माणसानं करायचं काय?"

मुलांनी दीड तास काय करायचं ते मी ठरवलं होतं. मोठ्यांचं काहीच ठरवलं नव्हतं. टीव्ही बंद करून मी गावातल्या प्रत्येक घराला बघायला एकेक मूल दिलं होतं.

"तिच्यासाठीच बसतो की आमी," ईश्वरीची आई हळू आवाजात म्हणाली. "ती एकटी पडाय नगं."

हे खोटं नव्हतं. त्या घरात पोरीवर जीव टाकणारी माणसं होती, आणि तेच तिला जड जात होतं. मला आठवलं, शाळेत पंधरा ऑगस्टला हवालदारांनी मुलांना पहाऱ्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या.

"हवालदार, पोस्टवर सेंट्री ड्यूटी असायची तेव्हा तोंड कुणीकडं करून उभं राहायचात? आत झोपलेल्या जवानांकडं?"

"आत कशाला बघंल सेंट्री? भायेर बघायचं. आतल्याची फिकीर म्हनून तर भायेर—"

ते मध्येच थांबले. चुलता हसायला लागला, त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या वाचनालयातली तीस फाटकी पुस्तकं पोत्यात घालून त्यांच्या घरी टाकली. सुई, जाड दोरा, खळ. "ही शिवून द्या. पण उंबऱ्यात बसून, तोंड रस्त्याकडं." आईकडे शेंगा फोडायच्या होत्याच, ती माजघरात गेली. आण्णांना तिने निवडायला मटकी दिली. टेबल भिंतीकडे वळवलं.

पहिले दोन दिवस हवालदारांची फार तगमग झाली. मी रस्त्यावरून बघत होते. दर मिनिटाला मान मागे वळायची, मग स्वतःच दचकून पुढे यायची. एकदा सुई बोटात गेली. तिसऱ्या दिवशी शेजारीण विरजण मागायला आली तर त्यांनी तिला दारातच थांबवलं. "साडेआठनंतर या. आत काम चाललंय."

तिसऱ्या दिवशीच्या वहीत सहा गणितं होती. मी काही बोलले नाही. लाल पेनाने टिक केली आणि वही परत दिली.

आता फोटोंचं उरलं होतं. मी ग्रुपवर लिहिलं, आजपासून फोटो पाठवू नयेत. चौथ्या दिवशी केंद्रप्रमुखांचा फोन.

"बाई, उपक्रम बंद केला काय?"

"चालू आहे सर. फोटो बंद केलेत."

"फोटो नाही म्हणजे उपक्रम नाही. वर काय दाखवू मी? एक तरी पाठवा."

संध्याकाळी मी हवालदारांच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडून एक फोटो काढला. उंबऱ्यात बसलेला माणूस, मांडीवर पुस्तक, तोंडात दोरा. पाठीमागे अंधारी खोली आणि आत खूप लांब एक दिवा. पाठवला. पाच मिनिटांत फोन.

"यात विद्यार्थी कुठंय?"

"आत आहे सर. अभ्यास करतेय."

साहेब म्हणाले, "फाईलला लावता येणार नाही हा." बरं म्हणून त्यांनी फोन ठेवला. नोटीस येईल असं मला वाटत होतं. आठ दिवस मी टपालाची वाट बघत होते. आली नाही.

इतर घरांतही हेच सांगत फिरले. सगळीकडे जमलं असं नाही. दोन घरांत अजूनही पोरांच्या मानेवर आईबाप बसलेले असतात, आणि एका घरात भोंगा झाला की वडील सरळ पारावर निघून जातात. तेही चालतं म्हणायचं.

सहामाही झाली. ईश्वरी पहिली आली नाही, सहावी आली. गणितात एका उदाहरणात हातचा विसरली. निकालाच्या दिवशी सगळे पालक गेल्यावर हवालदार आले. ताठ बसले. शिवलेली पुस्तकं टेबलावर ठेवली, टाके सरळ रेषेत. मग खिशातून तो घडीचा कागद काढला. दिवाळी आठ दिवसांवर होती.

त्यांनी घडी उघडली, कागद उलटा केला आणि हाताने सपाट केला.

"बाई, मागली बाजू कोरी हाय. पोरीला कच्चं गणित कराय दिऊ का?"

"द्या की," मी म्हटलं. आणि मी पुस्तकं मोजायला लागले. तीसच होती.

तेव्हापासून मुलं काम करत असताना मी मध्ये बोलले की टाचणवहीच्या कोपऱ्यात एक रेघ मारते. काल पाऊण तासात अकरा झाल्या. अकराही वेळा सगळा वर्ग लिहायचं थांबवून माझ्याकडे बघत होता.